तर्रीच्या गावात रोस्ट

मे महिन्यात नागपुरात तीन तास गॅससमोर उभी राहणारी बाई एकतर नवी सून असते, नाहीतर तिचं डोकं फिरलेलं असतं. पारा पंचेचाळीसच्या वर, खिडकीत कूलर घरघरून राहिला, आणि आत आपणच मोठ्या बर्नरवर पातेलं चढवून खोली तापवतोय. मी स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, घेतला तो या एका कारणासाठी. चवीबिवीचं नंतर कळलं.

नणंद न्यू जर्सीला असते. ती म्हणाली, माझा जुना पाठवते, इथे पडूनच आहे. मी नको म्हटलं. तिकडचा एकशेवीस व्होल्टचा, आपल्याकडे दोनशेतीस. तो चालवायला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागणार, आणि त्या धुडाच्या पैशात इथे नवा कुकर येतो. माझा साडेतीन लिटरचा आहे. चिनी मातीचं जाड भांडं, वर काचेचं झाकण, आणि बाहेरच्या डब्याच्या भिंतीत हीटरची तार. वीज साधारण दोनशे वॅट. आठ तास चालला तरी दीड-पावणेदोन युनिटांच्या वर जात नाही. उन्हाळ्यात लाइन गेली तर पंख्यासोबत इन्व्हर्टरवरही चालतो. मी तो मागच्या गॅलरीत ठेवते, म्हणजे स्वयंपाकघर तापत नाही आणि वासाने झोपही मोडत नाही. (झोप मोडतेच. पहाटे चारला मुलगी उठून विचारते, झालं का?)

हे यंत्र निघालं कसं, ते मला फार आवडतं. शिकागोच्या इर्विंग नॅक्सन नावाच्या माणसाला १९४० साली याचं पेटंट मिळालं. त्याची आई त्याला लिथुआनियातल्या विल्नियसच्या आठवणी सांगायची. ज्यूंना शनिवारी, म्हणजे सब्बाथला, विस्तव पेटवायची मनाई. म्हणून शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत मांस, घेवड्याचे दाणे, बटाटे असं सगळं एका मडक्यात भरायचं आणि गल्लीतल्या बेकरीवाल्याच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवून द्यायचं. रात्रभर ते आपलं आपण शिजायचं. नॅक्सनने त्या भट्टीच्या जागी वीज आणली. १९७० मध्ये रायव्हल नावाच्या कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला, १९७१ मध्ये तेच भांडं क्रॉक-पॉट म्हणून बाजारात आणलं, आणि नोकरी करणाऱ्या अमेरिकन बायांनी ते उचलून धरलं. मीही नोकरी करणारी बाई. नर्स आहे, ड्यूटी तीन पाळ्यांत फिरते. त्या लोकांचा सब्बाथ शनिवारी, आमचं चर्च रविवारी. मी कुकर शनिवारी रात्री लावते आणि सकाळची उपासना आटोपून आल्यावर जेवण तयार असतं. हेतू दोघींचा एकच.

आमच्या घरात रोस्ट, म्हणजे मांसाचा अख्खा तुकडा भाजून सावकाश शिजवलेला, स्लो कुकरच्याही आधीपासून आहे. नागपुरात स्कॉटिश मिशन आलं १८४५ मध्ये, स्टीफन हिस्लॉपसोबत. पुढे त्यांच्याच नावाने कॉलेज निघालं. माझी आजी पुष्कळ नंतर अशाच एका मिशनच्या बंगल्यात स्वयंपाकाला होती. रविवारचा रोस्ट ती तिथे शिकली, पण ओव्हनमध्ये नाही. कल्हईची जड डेकची, खाली मंद कोळसे, झाकणावरही कोळसे, आणि दर अर्ध्या तासाने ते चाळवायचे. उपासनेला बाकी सगळे जायचे, आजी कोळशांपाशी. तिला हे भांडं दाखवायला मिळालं असतं तर तिने आधी एवढंच विचारलं असतं, की मग मी इतकी वर्षं चर्चला न जाता मागे का राहिली?

आता मांस. परदेशी पाककृतीत बीफ म्हणजे गाय-बैलाचं. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर बंदी आहे ती १९७६ च्या कायद्यापासून, आणि २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीचं मांस चालतं. आमच्याकडे त्याला बडं म्हणतात आणि हे सगळं लिखाण त्याबद्दलच आहे. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी बोकडाची अख्खी रान घ्यावी, वेळ दोन-अडीच तासांनी कमी धरावा, बाकी सगळं तेच.

बडं मी मोमिनपुऱ्यातून आणते. दुकानदार चाचा मला सिस्टर म्हणतात, कारण त्यांच्या बेगमचं ऑपरेशन झालं तेव्हा वॉर्डात मी होते. सवयीने ते सुरी उचलतात आणि विचारतात, ‘‘सिस्टर, बोटी कर दूँ?’’ मी म्हणते, नहीं चाचा, साबुत. ते मान हलवतात. ‘‘इतना बडा तुकडा गलेगा क्या?’’ गलेगा, चाचा. रात्रभर ठेवती ना मैं.

सव्वा किलोचा एकच तुकडा मागा, सीन्याचा किंवा दस्तीचा. सीना म्हणजे छातीचा भाग, दस्ती म्हणजे पुढचा पाय आणि खांदा. जनावर ज्या भागावर भार टाकून उभं राहतं, चालतं, तो भाग चिवट असतो आणि आपल्याला तोच हवा. दुकानदार कौतुकाने पाठीचा मऊ भाग पुढे करेल. घेऊ नका. तो दहा तासांत कोरडा भुसा होतो, शिवाय महाग. सोबत एक नळी, म्हणजे पायाचं पोकळ हाड, तोडून घ्या, आतल्या मगजासकट. म्हशीचं मांस गाईच्यापेक्षा गडद आणि बरंच कमी चरबीचं असतं, आणि जी चरबी असते ती पांढरी शुभ्र दिसते, गाईच्या चरबीसारखी पिवळसर नाही. म्हशीच्या शरीरात कॅरोटीनचं जवळजवळ सगळं व्हिटॅमिन ए होऊन जातं, म्हणून. अमेरिकन पाककृतीतल्या चक रोस्टमध्ये, म्हणजे गाय-बैलाच्या खांद्याच्या तुकड्यात, मांसातच चरबीच्या रेषा असतात, त्या वितळून काम करतात. आपल्या तुकड्यात त्या नाहीत. ती कसर नळी भरून काढते.

हे चिवट मांस मऊ होतं कसं, ते एकदा समजून घेतलं की पाककृती पाठ करायची गरज उरत नाही. स्नायूंच्या धाग्यांभोवती पांढरे पापुद्रे असतात, ते कोलॅजन. मांस साठ अंशांच्या पुढे गेलं की धागे आवळतात आणि पाणी बाहेर पिळून टाकतात. कोलॅजनला मात्र घाई नसते. ते साठ-सत्तरपासून सैल व्हायला लागतं, ऐंशी-नव्वदवर बऱ्यापैकी विरघळतं, आणि त्याला तास लागतात. विरघळून त्याचं जिलेटिन होतं. तेच त्या पिळलेल्या धाग्यांना ओलं ठेवतं आणि रश्शाला अंग देतं. म्हणजे रस स्लो कुकरमध्येही निघतोच, तो काही जादूने आत कोंडून राहत नाही. फरक एवढाच की तो वाया जात नाही, भांड्यात बसून ग्रेव्ही होतो.

यातून एक गोष्ट निघते जी मला सगळ्यात कामाची वाटते. पाच-सहा तासांनी झाकण उघडून काटा टोचला तर मांस दगडासारखं लागतं. धागे आवळून झालेले, कोलॅजन अजून तसंच. घरोघरी याच वेळी बाई म्हणते, जास्त शिजलं वाटतं, आणि बटण बंद करते. जास्त नाही हो, कमी शिजलंय. आणखी तीन-चार तास. मी वॉर्डातला नाही, स्वयंपाकाचा वेगळा थर्मामीटर ठेवला आहे. पोटात ब्याण्णव-त्र्याण्णव अंश दाखवले आणि काटा आत घालून फिरवला की मांस उलगडलं, तर झालं. थर्मामीटर नसेल तर काटा पुरतो.

प्रेशर कुकरवाल्यांशी मी भांडत नाही. आतलं तापमान एकशेवीसपर्यंत जातं, कोलॅजन तासाभरात विरघळतं, बोट्यांच्या रश्शाला ते उत्तमच. पण अख्खा तुकडा तिथे बाहेरून विस्कटतो नि आतून दोरे होतो. सहा शिट्ट्यांत मटण शिजतं, रोस्ट होत नाही.

शनिवारी संध्याकाळी तुकडा पुसून कोरडा करायचा, दोन सपाट चमचे मीठ आणि जाडसर कुटलेली मिरी सगळीकडून चोळायची, दोऱ्याने दोन-तीन ठिकाणी आवळून बांधायचा आणि फ्रीजमध्ये उघडाच ठेवायचा. रात्री दहाला बाहेर काढायचा. बिडाची कढई धूर निघेपर्यंत तापवायची, तेल दोन चमचे, आणि तुकडा ठेवून हात मागे घ्यायचा. हलवायचा नाही. एकेक बाजू चार-पाच मिनिटं, काळपट तांबूस होईस्तोवर. भाजल्याने मांसाचा रस आत कोंडला जातो असं जुनी पुस्तकं सांगतात. ते खरं नाही. एकोणिसाव्या शतकात लीबिश नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती समजूत पसरवली आणि अजून चालू आहे. भाजायचं ते चवीसाठी. तो खमंगपणा साधारण एकशेचाळीस अंशांवर चांगला येतो, आणि स्लो कुकर शंभराच्या वर कधी जातच नाही. इथे आळस केला तर सकाळी भांड्यात करडं उकडलेलं मांस सापडेल. मऊ असेल, पण खाताना दवाखान्याची आठवण येईल.

त्याच कढईत तीन कांदे उभे चिरून, दहा-बारा लसणाच्या पाकळ्या, दोन टमाटे, दोन तेजपान, चार लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा. कांदा तांबूस झाला की कपभर पाणी ओतून कढईच्या बुडाला चिकटलेलं सगळं खरवडून घ्यायचं. ते खरवडलेलं म्हणजे अर्धी ग्रेव्ही. एक चमचा व्हिनेगर. पाणी याहून जास्त नको, कारण झाकण बंद असल्याने वाफ बाहेर जात नाही आणि मांस स्वतःचं पाणी सोडतं. आपल्याला मांस बुडेल इतकं पाणी घालायची सवय आहे. ती इथे सोडायची.

भांड्यात सगळ्यात खाली बटाटे आणि गाजरं, मोठे तुकडे. विचित्र वाटेल, पण स्लो कुकरमध्ये कंद मांसापेक्षा उशिरा शिजतात, म्हणून ते बुडाला. त्यावर नळी, त्यावर मांस, वरून कढईतलं सगळं. भांडं अर्ध्याहून जास्त आणि पाऊण भागाहून कमी भरलेलं असावं. झाकण, आणि बटण लोवर. लो आणि हाय यात शेवटचं तापमान जवळपास सारखंच असतं, उकळीच्या जरा खाली. फरक तिथे पोचायला लागणाऱ्या वेळाचा. परदेशी पाककृती लोवर आठ तास म्हणते. आपल्याकडच्या म्हशीच्या मांसाला दहा द्या, जनावर बहुतेक वयस्क असतं. रात्री अकराला लावलं तर सकाळी नऊ. त्यानंतर ते वॉर्मवर जातं आणि बारापर्यंत तसंच राहू शकतं.

झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की गेलेली उष्णता परत यायला वीसेक मिनिटं जातात. आमचे हे ‘‘फक्त वास घेतो’’ म्हणून उचलतात, त्यांच्यासाठी मी झाकणावर बायबल ठेवायची धमकी देते.

नर्स म्हणून तीन गोष्टी, मग पुढे जाऊ. गोठलेलं मांस थेट कुकरमध्ये टाकायचं नाही. ते पाच ते साठ अंशांच्या मधे तासन्‌तास रेंगाळतं आणि जंतूंना तेवढं पुरतं. संध्याकाळी भाजून रात्रभर फ्रीजमध्ये आणि सकाळी कुकरला, हेही नको. भाजलं की लगेच लावायचं. आणि राजमा या भांड्यात कच्चा कधीच शिजवू नका. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, ते मरायला खळखळ उकळी लागते. कमी तापमानावर राजमा मऊ होतो पण विष तसंच राहतं, आणि मग उलट्या-जुलाब. आधी भिजवून, ते पाणी फेकून, गॅसवर दहा मिनिटं उकळला की मग खुशाल टाका.

ग्रेव्ही. इथे मी घाई करत नाही, कारण रोस्ट पुष्कळांचा जमतो आणि ग्रेव्ही बिघडते. मांस अलगद काढून परातीत ठेवायचं, वर झाकण, वीस मिनिटं. बटाटे-गाजरं वेगळी. उरलेला रस गाळायचा. कांदा-लसूण चाळणीत चमच्याने घासून त्याचा गर रसात उतरवायचा, तो फेकणारी माणसं मला समजत नाहीत. नळी ठोकून मगज त्यातच. रस पाच मिनिटं शांत ठेवला की चरबी वर येते. ती पळीने काढून वाटीत ठेवायची, टाकायची नाही.

आता दाटपणा. मैदा, कॉर्नफ्लॉवर, सगळं चालतं. मैद्याने ग्रेव्ही बंगल्यातल्यासारखी होते, कॉर्नफ्लॉवरने चकाकते आणि हॉटेलसारखी दिसते, जे मला आवडत नाही. मी ज्वारीचं पीठ घेते. काढलेल्या चरबीचे दोन चमचे बिडाच्या कढईत, त्यात दोन चमचे ज्वारीचं पीठ, मंद आचेवर भाजायचं. आधी कच्चा वास, मग भाकरीचा वास, मग बदामी रंग. तिथे थांबायचं. गरम रस एक पळी, घोटायचं. आणखी एक पळी, घोटायचं. गुठळी इथेच होते किंवा होत नाही, नंतर काही उपाय नाही. सगळा रस गेला की सात-आठ मिनिटं उकळू द्यायचं. चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं तर रेघ राहिली पाहिजे. मीठ आता चाखायचं, आधी नाही, कारण रस आटला की मीठ पुढे येतं. शेवटी व्हिनेगरचे चार थेंब आणि ताजी मिरी. ते थेंब विसरलात तर ग्रेव्ही जड लागेल आणि काय कमी आहे ते कळणार नाही.

ताटात हे आलं की नागपुरी माणूस काय विचारतो? तर्री कुठाय? आमच्या ह्यांचं माहेर, म्हणजे माझं सासर, इतवारीचं. सावजीच्या मसाल्यावर वाढलेला जीव. पोह्यावर तर्री, भातावर तर्री. सासूबाई पहिल्यांदा जेवल्या तेव्हा म्हणाल्या, ‘‘बाप्पा, हे तर आजारी माणसाचं जेवण झालं ना!’’ नंतर दुसऱ्यांदा ग्रेव्ही घेतली, ते त्या कोणाला सांगत नाहीत. मला सावजी आवडतं. पण त्यात दगडफूल, खसखस, सुकं खोबरं, काळी मिरी, लाल मिरची एवढे जण एकदम बोलत असतात की मांस कशाचं आहे ते शेवटी कळतं, कधी कळतही नाही. रोस्टमध्ये लपायला जागा नसते. मांस चांगलं असेल तर कळतं, नसेल तरी कळतं.

याच्यासोबत काटे-सुऱ्या नि पाव असं काही मांडायची गरज नाही. लंबी रोटी आणा. पातळ पिठाची, उलट्या मडक्यावर हातांनी पसरून भाजलेली, रुमालासारखी मऊ. आमच्या गल्लीत एक मावशी सांगितलं की करून देतात. ब्रेड ग्रेव्ही पितो आणि लगदा होतो, लंबी रोटी ग्रेव्ही उचलून धरते. मांस धाग्यांना आडवं कापायचं, बोटभर जाड. पातळ कापायला गेलात तर विस्कटेल, आणि विस्कटलं तर समजा बरोबर शिजलंय.

भांड्याबद्दल एकच. चिनी मातीला एकदम गरम-थंड सोसत नाही. फ्रीजमधून काढलेलं भांडं तापलेल्या कुकरमध्ये ठेवलं किंवा गरम भांड्यात नळाचं पाणी सोडलं, तर तडकतं. गॅसवर तर ठेवायचंच नाही. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या ताईंना मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी ते भांडं घासायला साफ नकार दिला, म्हणाल्या, तुमचं तुम्ही पाहा. तेव्हापासून मीच घासते.

उरलं तर, आणि सव्वा किलोतून चौघांत उरतंच, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. सकाळी ग्रेव्ही थिजून थरथरते, तेच ते जिलेटिन. गरम करताना मात्र स्लो कुकर वापरायचा नाही, गॅसवर चांगली उकळी आणायची.

सोमवारी मी ह्यांचं ऐकते. वाटीत ठेवलेली चरबी कढईत टाकते, त्यात सावजी मसाला दोन चमचे, लाल तिखट त्यांच्या अंदाजाने, माझ्या नाही. मसाल्याने तेल सोडलं की थिजलेली ग्रेव्ही, दोन वाट्या गरम पाणी, आणि मांसाचे दोरे हाताने सोडवून. दहा मिनिटांत वर लाल तवंग येतो. भात नेहमीपेक्षा वाटीभर जास्त टाका, पुरत नाही.